मधल्या पदाची फोड

शांतता इतकी वाढली होती की ती कोणी मोडायची, एवढाच प्रश्न आता दोघांमध्ये उरला होता. शशिकांतने वर्तमानपत्राचं पान उलटलं; वाचून झालं म्हणून नव्हे, हातांना काहीतरी हवं म्हणून. समोर सुहासिनी उभी होती. तिच्या हातात चहाचं गाळणं होतं, त्यातला चोथा अजून गरम होता आणि त्याचं पाणी मनगटावरून कोपराकडे ओघळत होतं, पण ते पुसावं असं तिला वाटत नव्हतं. ती टेबलावरच्या कागदाकडे पाहत होती. कागद तिचा होता. म्हणजे पाठकोरा होता: एका बाजूला शशिकांतच्या खात्यातला कुठलासा रद्द झालेला मसुदा, दुसऱ्या बाजूला तिची शिसपेन्सिल. पण त्या पेन्सिलीच्या खाली आता हिरव्या शाईच्या चार ओळी आल्या होत्या. सरळ, निःशंक, कुठेही न खोडलेल्या. आणि त्या ओळींच्या खाली, उजव्या कोपऱ्यात, फायलीवर करतात तशी त्याची छोटी सही आणि तारीख.

सहा क्ष वर्ग वजा अकरा क्ष वजा पस्तीस. ह्या एका राशीपाशी ती कितीतरी दिवस अडून होती. अवयव पाडायचे होते. सहा आणि पस्तीस यांचा गुणाकार दोनशे दहा. तेव्हा असे दोन आकडे शोधायचे की गुणले तर दोनशे दहा व्हावेत आणि एकातून दुसरा वजा केला तर अकरा उरावेत. चौदा-पंधरा घेतले, तर अंतर एकाचंच. सात-तीस घेतले, तर तेवीस. सहा-पस्तीस, एकोणतीस. मटार सोलताना, धोब्याचे कपडे मोजून घेताना, दुपारी गच्चीवर रजया उन्हात पसरताना ते आकडे तिच्या मागे मागे हिंडत होते. पाहुण्यांच्या मुलांसारखे, अनोळखी, आणि तरी लळा लावणारे. तिला घाई नव्हती. आपल्या आत काहीतरी मुरतं आहे आणि ते आपलं आहे, ह्याची एक चोरटी ऊब तिला त्या दिवसांत मिळत होती. आणि आज, आत्ता, चहा गाळताना, कुणी कानाशी येऊन सांगावं तसे ते आले: दहा आणि एकवीस. तिने कप तसेच ओट्यावर ठेवले, गाळणं हातातच राहिलं, आणि ती पेन्सिल घ्यायला बाहेर धावली. टेबलावर दहा आणि एकवीस अगोदरच येऊन बसलेले होते. हिरवे.

मला आलं होतं. हे वाक्य तिच्या जिभेवर आलं आणि तिथेच मेलं. कारण आता ते जगात कुणालाही सांगता येणार नव्हतं. उत्तर पाहिल्यानंतर उत्तर आल्याचं सांगणाऱ्याचं कोण ऐकतं? शशिकांत 'हो का' म्हणाला असता, मान डोलावली असती, आणि त्या मान डोलावण्यात इतकं मोठं मन असतं की त्यापेक्षा त्याने खोटारडी म्हटलेलं परवडतं. पण त्याहून वाईट होतं ते हे, की तिचा स्वतःचाही स्वतःवरचा विश्वास आता सैल व्हायला लागला होता. आधी आकडे आले की आधी कागद दिसला? स्वयंपाकघराच्या दारातून टेबल दिसतं. नजर गेली असेल का? नाही. नाही गेली. पण ही साक्ष द्यायला तिच्याखेरीज दुसरं कोण होतं?

"बरोबर आहे ना?" शेवटी शशिकांतच म्हणाला.

"काय?"

"उत्तर, अगं. दोन क्ष वजा सात, तीन क्ष अधिक पाच. ताळा करून बघ. तीस वर्षांनी हात लावला यार, पण जमलं. पाच मिनिटंही लागली नाहीत."

"कधी केलंत?"

"तू आंघोळीला गेली होतीस तेव्हा. कागद पडला होता इथे."

"पडला नव्हता. ठेवला होता."

"अच्छा बाबा, ठेवला होता. आता त्यात काय?"

"आणि ही सही?"

तो पुढे वाकला, चष्मा कपाळावरून खाली ओढला. त्याच्या खरंच ध्यानात नव्हतं. मग तो मोठ्याने हसला, पोट हलेपर्यंत. "कमाल झाली! हात चालला गं. कागद दिसला, मजकूर संपला, की खाली आपोआप सही. सेक्शनमध्ये सांगितलं पाहिजे हे सोमवारी. आता तू एक कर, वर 'मंजूर' म्हणून शिक्का मार."

हसू खरं होतं, आणि म्हणूनच तिला ते सहन होईना. त्याने मुद्दाम केलं असतं तर बरं झालं असतं. मुद्दाम केलेल्या गोष्टीला निदान समोरचा माणूस दिसलेला असतो. हिरवी शाई ही साहेब लोकांची शाई. उपसचिव झाला त्या दिवशी शशिकांतने कनॉट प्लेसमधून ते पेन आणलं होतं आणि रात्री जेवताना तिला सांगितलं होतं, की आता आपल्या खाली निळे लोक. निळ्यांनी लिहायचं, हिरव्याने दुरुस्त करायचं आणि खाली नाव ठेवायचं, की झालं ते हिरव्याचं. तेव्हा तिला त्याचं कौतुक वाटलं होतं. आज तिला दिसलं की घरात ती निळीही नव्हती. ती पेन्सिल होती.

तिने गाळणं तिथेच टेबलावर ठेवलं. चोथ्याचं पाणी वर्तमानपत्राच्या कडेपर्यंत पोचलं. त्याने पेपर उचलून घेतला. समोरच्या सेक्टरमध्ये नवे मजले चढत होते, त्यांच्या काँक्रीट कालवण्याचा घरघराट सकाळपासून सुरू झाला होता. दोन इमारतींच्या फटीतून मागे उरलेलं मोहरीचं शेत पिवळंजर्द दिसत होतं. पुढल्या वर्षी तेही दिसणार नाही असं सगळे म्हणत. ती नोएडात राहायला आली तेव्हा चहूकडे तेच होतं, आणि शशिकांत चार्टर्ड बसने ऑफिसला गेला की दिवसभर त्या पिवळ्याकडे बघत बसण्यापलीकडे करण्यासारखं काही नव्हतं. मुलगी बंगळूरला गेली, तिच्या खोलीत शिलाईचं मशीन आलं. मग एकदा दुधाच्या बूथवर चिकटवलेली ती जाहिरात. शाळा सुटलेल्यांसाठी दहावी, वयाची अट नाही, वर्ग रविवारी. घरी परतताना ती सारखी मागे वळून पाहत होती, जणू काही भलतंच करून आपण येतो आहोत.

खामगावच्या शाळेत बीजगणिताच्या तासाला मुली मागच्या दोन बाकांवर बसत. मास्तर फळ्याकडे तोंड करून शिकवत आणि वळले तरी त्यांची नजर पुढच्या बाकांपर्यंतच येई. चुकूनही मुलीला उत्तर विचारलं नाही. त्यांच्या मते ती सभ्यता होती. सुहासिनीला अंकगणित यायचं, झरझर यायचं. पण एके दिवशी आकड्यांच्या रांगेत क्ष येऊन उभा राहिला आणि तो कोण, कुठला, कशासाठी आला, हे कुणीच सांगितलं नाही. ती विचारायला उभी राहिली. मास्तर म्हणाले, "बस बाळ, तुला कुठे लागणार आहे ते." वर्ग हसला नाही. वर्गाला ते योग्यच वाटलं. मॅट्रिकला गणितात शंभरात नऊ आले. ऑक्टोबरला पुन्हा बसायचं ठरलं, आणि ऑक्टोबरच्या आधी शशिकांतचं स्थळ आलं. मुलगा दिल्लीत, केंद्र सरकारात. बैठकीत वडिलांनी चाचरत परीक्षेचं काढलं तेव्हा सासरची माणसं म्हणाली, शिकवू की पुढे, दिल्लीत काय शाळा नाहीत? तेव्हाचा शशिकांत, बारीक मिशांचा, शेजारी मान खाली घालून बसला होता. त्याने होकाराची मान हलवली होती. तिने पाहिलं होतं. सबंध बैठकीत त्याची तेवढीच एक हालचाल तिला आठवत होती, आणि त्या हालचालीच्या जोरावर ती आगगाडीत बसली होती.

पुढे ते नऊ मार्क त्याच्या गप्पांतलं हुकमी पान झाले. ह्या संक्रांतीलाही, दिल्लीत कोपर्निकस मार्गावर, मराठी मंडळी जमतात त्या सदनातल्या तिळगुळाच्या समारंभात, त्याच्या खात्यातल्या अण्णासाहेबांनी सहज विचारलं, वहिनी हल्ली काय करतात, तेव्हा शशिकांत म्हणाला, "आमची ही सध्या क्षचा शोध घेते आहे. मॅट्रिकला शंभरात नऊ. शोध तेव्हापासून चालू आहे, सापडत नाही तो!" अण्णासाहेब हसले, त्यांच्या मिसेस हसल्या, कुणीतरी 'वहिनी, सापडला की आम्हालाही कळवा हं' म्हणालं. आणि ती, हातात तिळगुळाचं ताट, हसली. हेच तिला माफ करता येत नव्हतं. इतकी वर्षं प्रत्येक वेळी ती हसली होती, अगदी वेळेवर, त्याने विनोद संपवून तिच्याकडे पाहायच्या आतच. ते हसू तिच्या चेहऱ्याला इतकं बसलं होतं की आरशात पाहताना तिला कधीकधी वाटे, हा चेहरा त्यानेच पुरा केलेला आहे.

दहावीचा तो रविवारचा वर्ग एका शाळेच्या तळमजल्यावर भरे. छोट्या बाकांवर मोठी माणसं. कारखान्यातून रात्रपाळी करून आलेला तरुण, पार्लर चालवणारी एक पंजाबीण, आणि ती. वर्मा मॅडम हिंदीतून शिकवायच्या. अवयवांना त्या गुणनखंड म्हणत, कंसाला कोष्ठक. सुहासिनी मनातल्या मनात त्याचं मराठी करून घेई आणि त्या उलथापालथीत कधीकधी एखादं चिन्ह सांडून जाई. "बहनजी," मॅडम एकदा तिच्या बाकाशी येऊन म्हणाल्या, "आप सीधे कोष्ठक बनाने बैठ जाती हैं. पहले बीचवाले को तोड़िए. लंबा होगा, भद्दा लगेगा, लगने दीजिए." तिला ते पटलं, आणि पटताना अंगावर काटा आला. तीन पदांची आटोपशीर राशी. तिच्या मधल्या पदाची फोड करून ती चार पदांची करायची. सगळं आधीपेक्षा विस्कळीत दिसायला लागतं. आवरलेल्या घरातलं कपाट उपसून जमिनीवर मांडल्यासारखं. आणि मग दोन-दोन पदांतून सामाईक काढलं, की अकस्मात तोच कंस दोन्हीकडे उभा. पहिल्यांदा तो तसा उभा राहिला तेव्हा तिने पेन्सिल खाली ठेवली होती आणि आपले हात पाहिले होते. इतक्या वयात असं काही अजून होऊ शकतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"बस ना," शशिकांत म्हणाला. "चहा आण. तुला एक चांगली बातमी द्यायची होती, पण तुझा चेहरा असा."

"कसली बातमी?"

"तुझ्या त्या वर्माबाईंना काल ऑफिसातून फोन केला होता मी. भल्या बाई आहेत. त्या म्हणाल्या, साहेब, गणित कंपल्सरी नाहीच मुळी. त्याच्या जागी गृहविज्ञान घेता येतं. विषय बदलायची मुदत कालच संपत होती. मी म्हटलं, करून टाका."

मनगटावरचं चोथ्याचं पाणी तिने आता पुसलं.

"अगं, गृहविज्ञान! तुला अभ्यासही नको करायला. वरणात प्रोटीन किती, लोकरीचे कपडे कसे धुवायचे. फर्स्ट क्लास मिळेल तुला. आणि हे सगळं," त्याने कागदाकडे बोट दाखवलं, "बंद. रात्री बघतो ना मी, झोपेत आकडे बडबडतेस. बी.पी. आहे तुला."

"करून टाका म्हणालात."

"हो."

"मला न विचारता."

"तू नाही म्हणाली असतीस."

त्याने हे इतक्या सरळपणे सांगितलं की क्षणभर तिला त्यातलं काहीच लागलं नाही. मग ते आत उतरत गेलं. तिला वाटलं, राग म्हणजे भडका असतो असं आपण समजत होतो. तसं नव्हतं. राग थंड होता आणि अतिशय स्पष्ट होता. हिवाळ्यात धुकं फाटून समोरच्या इमारतीची एकेक खिडकी दिसायला लागावी, तसा. तिला दिसलं, की तो वाईट माणूस नाही. तो तिच्या बी.पी.च्या गोळ्या आठवणीने आणतो. आजारपणात त्याने तिचे केस विंचरून दिले आहेत. आणि हाच माणूस तिच्या आयुष्यातल्या प्रत्येक अडलेल्या जागी मोठ्या प्रेमाने येऊन उभा राहिला आहे आणि ती पोचायच्या आत तिथलं दार उघडून आत जाऊन बसला आहे. बँकेत, मुलीच्या शाळेत, दुकानात, डॉक्टरांसमोर. 'तिला नाही समजायचं, मला सांगा.' आणि ती दारात. कायम दारात, हातात काहीतरी घेऊन.

"मी गणितच देणार आहे," ती म्हणाली. आवाज तिला परका वाटला, पण चांगला वाटला. "उद्या वर्गाला जाईन तेव्हा बाईंना सांगते. तुमच्या फोनवर विषय बदलतो, तर माझ्या तोंडी सांगण्यावर परत फिरवता येईल."

"मुदत संपली म्हटलं ना."

"तर पुढच्या खेपेला बसेन. पण गणितालाच."

"सुहासिनी, हट्ट आहे हा. नापास झालीस तर? ह्या वयात? शोभा होईल."

"कुणाची?"

त्याने वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवलं, तिचा कागद ओढला, कोऱ्या जागी हिरव्या पेनाने झरझर काहीतरी लिहिलं आणि कागद तिच्याकडे सरकवला. "ठीक आहे. चलो. हे करून दाखव. आत्ता, माझ्यासमोर. आलं तर मी स्वतः बाईंना फोन करतो."

पंधरा क्ष वर्ग अधिक दोन क्ष वजा आठ.

तिला निघून जाता आलं असतं. पण ती बसली. लग्नाला आलेल्या मुलीसारखं आपल्याला सुईत दोरा ओवून दाखवायला बसवलं आहे, हे कळत असून ती बसली, कारण त्या राशीवर तिचाही डोळा गेला होता. पंधरा आठे एकशे वीस. अंतर दोन. बारा आणि दहा! ते इतके चटकन आले की ती जवळजवळ हसलीच. पंधरा क्ष वर्ग, अधिक बारा क्ष, वजा दहा क्ष, वजा आठ. तिने लिहिलं. शशिकांत बोटांनी टेबलावर ताल धरत होता. पहिल्या दोहोंतून तीन क्ष सामाईक: कंसात पाच क्ष अधिक चार. पुढच्या दोहोंतून वजा दोन. कंसात पाच क्ष... ताल थांबला. त्याचा श्वास तिला ऐकू आला. ...वजा चार, तिने लिहिलं.

"चिन्ह!" शशिकांत म्हणाला. "बघ. बघ, कंस जुळतायत का तुझे? एकात अधिक, एकात वजा. वजा दोन बाहेर काढलास ना, मग आतलं चिन्ह बदलायला नको? हेच. नेमकं हेच होणार परीक्षेत तुझं."

तिने मान वर केली ती चूक कबूल करायला. आणि तेव्हा तिला त्याचा चेहरा दिसला. त्याच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या. खांदे खाली आले होते. ओठांच्या कडा मऊ झाल्या होत्या, आणि डोळ्यांत तिच्याविषयी इतकी माया दाटून आली होती की एखाद्या नवख्याला वाटावं, ह्या माणसाला नुकतीच कुठलीतरी मोठी भीती सोडून गेली आहे. रिपोर्ट नॉर्मल आल्यावर दवाखान्याच्या बाकावर माणसाचा चेहरा होतो तसा. तो तिच्या हातावर हात ठेवायला पुढे झाला. "जाऊ दे गं," तो म्हणाला, "होतं असं."

तिने हात काढून घेतला. पेन्सिलीने ते वजा उभी रेघ मारून अधिक केलं. दोन्ही कंस सारखे झाले. खाली तिने ओळ पुरी केली: पाच क्ष अधिक चार, तीन क्ष वजा दोन. तिला आनंद झाला नाही. आनंद व्हायची जागा दुसऱ्याच कशाने भरून गेली होती. इतकी वर्षं तिला वाटायचं की तो हसतो, कारण त्याला तिचा मोठेपणा दिसत नाही. आत्ता कळलं की ती पास झाली असती तर तो दिसला असता, आणि त्या दिसण्यालाच शशिकांत भ्यायला होता.

"एक विचारू?" ती म्हणाली.

"विचार ना." त्याचा आवाज अजून मऊ होता.

"मी पास व्हावं असं तुम्हाला कधी वाटलं होतं का? खरं सांगा. मी हसणार नाही, रडणार नाही. एकदा तरी?"

बाहेरचा घरघराट थांबला. मजुरांची न्याहारीची वेळ झाली असावी. शशिकांतने तोंड उघडलं, तिला वाटलं आता तो 'हा काय प्रश्न झाला' म्हणेल. त्या वाक्यासाठी तिने मन घट्टही केलं. पण तेही आलं नाही. तो तिच्याकडे पाहत राहिला, मग तिच्या खांद्यावरून पलीकडे, मग कुठेच नाही. त्याने खुर्ची मागे सारली. दारापाशी जाऊन चपला शोधल्या, पायाने चाचपत, डावी उजव्या पायात घालायचा प्रयत्न करत. शेवटी दोन्ही पायांत सरकल्या. कडी निघाली, आणि तो जिना उतरू लागला. दुसऱ्या मजल्यावर त्याला कुणीतरी नमस्ते केलं, त्यालाही त्याने काही म्हटल्याचं तिला ऐकू आलं नाही.